वेतन आणि व्रत : मराठी इतिहाससंशोधकांच्या उपजीविकेचा विचार

ग्रंथाचे परीक्षण करताना त्यातील विचार, मांडणी आणि भाषा ह्यांची चर्चा होते. परंतु तो लिहिणाऱ्याची चूल कशावर पेटत होती, हा प्रश्न साहित्यविचारात सहसा उपस्थित केला जात नाही. लेखकाच्या उपजीविकेचा त्याच्या लेखनाशी संबंध नसतो, किंवा असला तरी त्याची वाच्यता करणे अप्रशस्त होय, अशी काहीशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः दिवसाचे किती तास लेखकाचे स्वतःचे असतात, ते त्याला कोणाच्या मर्जीने मिळतात आणि त्या मर्जीसाठी त्याला काय द्यावे लागते, ह्या गोष्टींचा ठसा ग्रंथावर उमटल्यावाचून राहत नाही. विषयाची निवड, विस्तार, पूर्णता, एवढेच नव्हे तर वाक्याचा स्वरही त्याने घडविला जातो.

मराठी इतिहाससंशोधनाच्या आरंभकाळात हा संबंध विशेष स्पष्टपणे पाहावयास मिळतो. वासुदेव वामन खरे (जन्म १८५८), विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (जन्म १८६३), गोविंद सखाराम सरदेसाई (जन्म १८६५) आणि दत्तात्रेय बळवंत पारसनीस (जन्म १८७०) हे चौघे अवघ्या बारा वर्षांच्या अंतराने जन्मले. चौघांचाही विषय मराठ्यांचा इतिहास हाच होता आणि मोडी कागदपत्रे हेच चौघांचे प्रमुख साधन होते. मात्र चरितार्थाचे मार्ग चौघांनी निरनिराळे पत्करले. खरे शाळेत शिक्षक होते, सरदेसाई संस्थानी नोकरीत होते, पारसनीस आश्रयदात्यांच्या साहाय्याने स्वतंत्र उद्योग करीत होते आणि राजवाड्यांनी नोकरी तर सोडलीच, पण आश्रयही नाकारला. विषय एक, काळ एक आणि उपजीविका भिन्न असा योग साहित्याच्या इतिहासात वारंवार येत नाही. स्वतंत्र वृत्ती आणि पूर्णवेळ नोकरी ह्यांच्या लाभहानीचा विचार करण्यास ह्याहून सोयीचे उदाहरण मराठीत सापडणे कठीण आहे.

१

त्या काळी इतिहाससंशोधन हा व्यवसाय नव्हता, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्यावरील नीळकंठ जनार्दन कीर्तने ह्यांची टीका १८६७ मधील. ती लिहिली गेली तेव्हा कीर्तने विद्यार्थिदशेत होते. पुढे १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले आणि जुन्या बखरी व पत्रे छापून प्रसिद्ध होऊ लागली. त्याचे संपादक काशीनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक हे दोघेही शिक्षणखात्यातील नोकर होते. म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे पहिले व्यवस्थित प्रकाशन झाले ते सरकारी वेतनावर जगणाऱ्या माणसांच्या उरल्यासुरल्या वेळात. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले असले, तरी त्याचे कार्य मुख्यत्वे परीक्षा घेण्याचे होते. मोडी दप्तरे वाचणाऱ्या माणसाला वेतन देईल असे स्थान त्या व्यवस्थेत नव्हते. तेव्हा निवड होती ती दुसऱ्याच कसल्या तरी कामासाठी वेतन घेऊन फावल्या वेळी संशोधन करणे आणि वेतनच न घेता संशोधन करणे, ह्या दोहोंत.

ह्याच सुमारास नोकरी सोडण्याच्या कृतीला महाराष्ट्रात एक नैतिक तेज प्राप्त झाले होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक असतानाच १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू झाली. पुढे त्यांची रत्नागिरीस बदली झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. १८८० च्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली आणि १८८२ च्या मार्च महिन्यात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, विष्णुशास्त्री निवर्तले. राजीनाम्यानंतरची ही तीनच वर्षे. परंतु सुशिक्षित तरुणांच्या मनावर त्यांचा परिणाम दीर्घकाळ टिकला. नोकरी म्हणजे बंधन आणि राजीनामा म्हणजे मुक्ती, हे समीकरण तेव्हापासून रूढ झाले. त्या समीकरणाने अनेकांना बळ दिले हे खरेच. पण नोकरीत राहून मोठे काम करणाऱ्यांविषयी एक सूक्ष्म अनादरही त्यानेच निर्माण केला.

२

ह्या समीकरणाचे सर्वांत प्रखर रूप म्हणजे राजवाडे. पदवी संपादन केल्यावर त्यांनी अल्पकाळ पुण्यात शिक्षकाचे काम केले आणि ते सोडले. तरुणपणीच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. पाश्चात्य ज्ञानग्रंथ मराठीत आणण्याचा तो उद्योग तीनेक वर्षे चालून थांबला. वर्गणीदारांच्या आधारावर गंभीर मासिक जगविणे किती अवघड असते, ह्याचा हा अनुभव त्यांच्या संशोधकजीवनाच्या उंबरठ्यावरच आला. त्यानंतर वाईस सापडलेल्या पत्रांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ ह्या, म्हणजे पानिपतपर्यंतच्या, काळातील ती पत्रे होती. ह्या मालेचे एकंदर बावीस खंड झाले.

स्वतंत्र वृत्तीपासून राजवाड्यांना काय लाभले, ह्याचे उत्तर ह्या खंडांतच आहे. दप्तरे एका ठिकाणी नव्हती. ती वाड्यांच्या माळ्यांवर, देवळांत, मठांत, कुळकर्ण्यांच्या आणि जोश्यांच्या घरी विखुरलेली होती. त्यांचा मालक आज दाखवितो म्हणेल आणि उद्या नाही म्हणेल. चार दिवस त्याच्या ओटीवर बसून विश्वास संपादन करावा, तेव्हा कोठे रुमाल सुटावयाचे. असले काम रजेच्या दिवसांत होणारे नव्हे. ज्याला कोणाच्या हजेरीपटावर सही करावयाची नाही आणि जो स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून कोठेही राहू शकतो, त्यालाच ते साधणार. राजवाड्यांच्या भ्रमंतीतून जे कागद वाचले, त्यांतील कितीतरी कागद नोकरीतील माणसाच्या सुट्टीची वाट पाहत नष्ट झाले असते.

दुसरा लाभ विषयाच्या स्वातंत्र्याचा. राजवाडे इतिहासावरून व्याकरणाकडे, व्याकरणावरून समाजरचनेकडे आणि तेथून व्युत्पत्तीकडे निर्वेधपणे गेले. १९०२ मध्ये त्यांनी कादंबरीवर निबंध लिहिला, १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत आणि तिच्या भाषेचे व्याकरण सिद्ध केले, १९२२ मध्ये ‘राधामाधवविलासचंपू’ला आणि १९२४ मध्ये ‘महिकावतीच्या बखरी’ला विस्तृत प्रस्तावना लिहिल्या. त्यांच्या वाक्यांत जो निर्भीड, प्रसंगी उद्दाम वाटणारा आवाज ऐकू येतो, तो वरिष्ठांना अहवाल लिहिण्याची सवय नसलेल्या माणसाचा आवाज आहे. ह्या प्रस्तावनांचे मराठी गद्यातील स्थान वादातीत आहे.

तथापि ह्याच लाभांची दुसरी बाजू तितकीच स्पष्ट दिसते. विषयाचे स्वातंत्र्य म्हणजे विषय अर्धा सोडण्याचेही स्वातंत्र्य. साधनांचे खंड छापून झाले. परंतु त्या साधनांवर आधारलेला मराठ्यांचा सलग इतिहास राजवाड्यांच्या हातून लिहिला गेला नाही. साधने आधी, इतिहास नंतर, हा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्यात तथ्यही होते. पण त्या सिद्धान्ताच्या आड परिस्थितीचाही काही भाग लपलेला असावा. सलग ग्रंथाला स्थिर बैठक लागते, हाताशी ग्रंथसंग्रह लागतो, पुढील दहा वर्षांची शाश्वती लागते. ह्यांपैकी एकही गोष्ट राजवाड्यांपाशी नव्हती. खंड निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या साहाय्याने निघत राहिले. तीच गोष्ट कागदांच्या जतनाची. ज्या हस्तलिखितावरून त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत सिद्ध केली, ते पुढील अभ्यासकांना पडताळणीसाठी उपलब्ध झाले नाही आणि त्या प्रतीविषयीचा वाद त्यामुळे कायमचा अनिर्णित राहिला. संशोधकाचे घर हेच जेथे ग्रंथालय असते, तेथे संशोधकाच्या मनःस्थितीवर पुराव्याचे भवितव्य अवलंबून राहते.

वरिष्ठ नसणे ही मुक्ती असली, तरी सहकारी नसणे ही उणीव असते. राजवाड्यांच्या व्युत्पत्तीविषयक आणि समाजशास्त्रीय अनुमानांपैकी अनेक पुढे टिकली नाहीत. छापण्यापूर्वीच त्यांना हटकणारे कोणी असते, तर त्यांतील काही बदलली असती. १९१० च्या जुलै महिन्यात खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांच्या सहकार्याने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करताना ही उणीव राजवाड्यांच्या ध्यानात आली असावी. एकट्याने चालविलेल्या उद्योगाला घर, कपाट आणि श्रोते मिळावेत अशी ती योजना होती. मंडळ टिकले, राजवाडे मात्र त्यात टिकले नाहीत. मतभेदांमुळे ते दूर झाले आणि अखेरची वर्षे धुळ्यास राहून ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच निवर्तले. स्वातंत्र्याची सवय इतकी अंगी मुरली होती, की स्वतः उभारलेल्या संस्थेचे नियमही त्यांना जाचले.

३

सरदेसायांचे चरित्र ह्याच्या अगदी उलट टोकाचे. १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत दाखल झाले आणि १९२५ पर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे, त्या सेवेत राहिले. महाराजांना वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे, प्रवासात बरोबर जाणे अशा प्रकारची ती कामे होती. महाराजांच्या इच्छेनुसार त्यांनी मॅकियाव्हेलीचा आणि सीलीचा ग्रंथ मराठीत आणला. हे विषय सरदेसायांनी स्वतः निवडलेले नव्हते. दरबारातील माणसाचा दिवस दरबाराचा असतो. हाक केव्हा येईल हे त्याला ठाऊक नसते. त्यांच्या ग्रंथलेखनाच्या वाट्याला येत ते पहाटेचे आणि रात्रीचे तास.

तरीही ज्या नोकरीने वेळ घेतला, तिनेच विषय दिला. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी केलेल्या टिपणांतून ‘रियासती’ची कल्पना उगवली. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे राजवाड्यांच्या पहिल्या खंडाच्याच वर्षी. ‘मराठी रियासती’चा पहिला भाग १९०२ चा, त्यानंतर भागामागून भाग निघत राहिले. नवीन साधने उजेडात येतील तसतसे सरदेसाई जुने भाग दुरुस्त करीत. आपले आधीचे विधान चुकीचे होते, असे शांतपणे लिहून पुढे जाण्याची त्यांची रीत आहे. मासिक वेतन नियमित मिळत असल्यामुळे पुढील भागाचा विचार करता येतो आणि मागील भाग दुरुस्त करण्याचे धैर्यही राहते. ‘रियासती’च्या गद्यात राजवाड्यांची झेप नाही, त्यात वीज चमकत नाही; परंतु वाचकाचा हात धरून त्याला शंभर वर्षे चालवीत नेण्याची एक संथ शक्ती त्यात आहे. ती शक्ती काही अंशी स्वभावाची आणि काही अंशी स्थिर जीवनक्रमाची.

हानीही होती. दप्तरे पुण्यात, साताऱ्यात, कोकणात आणि देशावर, लेखक बडोद्यात. मूळ कागदांपर्यंत स्वतः जाण्याची मोकळीक त्यांना ऐन उमेदीच्या वर्षांत फारशी मिळाली नाही. दुसऱ्यांनी छापलेल्या साधनांवर त्यांना विसंबावे लागले आणि ‘संकलनकार’ असा हलका शेरा त्यांच्या वाट्याला आला. ही उणीव भरून निघाली ती निवृत्तीनंतर. साठीत नोकरी सोडून ते पुण्यालोणावळ्याच्या वाटेवरील कामशेत येथे स्थायिक झाले आणि त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठे संशोधनकार्य त्यापुढे घडले. मुंबई सरकारने त्यांच्याकडे पेशवे दप्तरातील निवडक कागदांच्या संपादनाचे काम सोपविले आणि १९३० ते १९३४ ह्या अवधीत त्याचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध झाले. १९४६ ते १९४८ ह्या काळात मराठ्यांच्या इतिहासाचे तीन इंग्रजी खंड त्यांनी पूर्ण केले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९५९ मध्ये कामशेतलाच त्यांचा अंत झाला. चौघांपैकी त्यांनाच चौऱ्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. ते लाभले नसते, तर नोकरीने घेतलेल्या छत्तीस वर्षांचा हिशेब फार कठोर ठरला असता.

पेशवे दप्तराच्या कामावरून पुण्याच्या संशोधकवर्तुळात जी नाराजी उमटली, तिच्या मुळाशी वेतन आणि व्रत ह्यांचा जुना वाद होता. जे दप्तर स्वतंत्र संशोधकांना वर्षानुवर्षे मोकळेपणाने पाहावयास मिळाले नाही, ते सरकारच्या विश्वासातील माणसाकडे जावे, हे त्यांना बोचले. त्यांची तक्रार निराधार नव्हती. स्वतंत्र माणसाला सरकारी दारे बंद असतात, हे स्वातंत्र्याचे मोलच आहे. पण ते काम तडीस गेले ते छत्तीस वर्षे ठरलेल्या वेळी ठरलेले काम करण्याची सवय लागलेल्या माणसाकडून, हेही विसरता येत नाही. ह्या कामी सरदेसायांना सर्वांत मोठा आधार होता तो जदुनाथ सरकार ह्यांचा. सरकारांची आणि त्यांची मैत्री १९०४ पासूनची. सरकार हेदेखील वेतनावर राहणारे, पाटण्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक. बंगाली संशोधकाने मराठी शिकावे आणि बडोद्यातील नोकराशी पन्नास वर्षे पत्रव्यवहार चालवावा, ही भारतीय इतिहासलेखनातील एक सुंदर घटना आहे. नोकरीने जखडलेल्या दोघांना जे भ्रमंतीने मिळणे शक्य नव्हते, ते त्यांनी पत्रांच्या द्वारा मिळविले.

४

ह्या दोन टोकांच्या मध्ये खरे आणि पारसनीस येतात. खरेशास्त्री मिरजेच्या शाळेत संस्कृतचे शिक्षक होते आणि तीसहून अधिक वर्षे त्यांनी ते काम केले. शिक्षकाची नोकरी माणसाला एका गावाला बांधून टाकते. परंतु खऱ्यांच्या बाबतीत ते गाव मिरज होते आणि मिरजेस पटवर्धन सरदारांचे दप्तर होते. १८९७ पासून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढण्यास आरंभ केला. त्यातील पत्रांना जोडलेले त्यांचे निवेदन इतके सुबोध आहे, की निव्वळ साधनग्रंथही कथेसारखा वाचता येतो. वर्गात मुलांना समजेल असे सांगण्याची सवय त्यामागे असली पाहिजे. राजवाड्यांनी शंभर दप्तरे धुंडाळली, खऱ्यांनी मुख्यतः एकाच दप्तराचा तळ गाठला. बंधन आणि विषय ह्यांचा असा मेळ बसणे हा योगायोग खरा. पण बंधनाचाच विषय करून घेणे हे शहाणपण होते.

पारसनीसांनी नोकरी केली नाही, तरी राजवाड्यांच्या अर्थाने ते स्वतंत्र नव्हते. साताऱ्यास राहून त्यांनी १८९४ मध्ये झाशीच्या राणीचे चरित्र प्रसिद्ध केले, ‘इतिहाससंग्रह’ चालविला आणि कागदपत्रे व चित्रे ह्यांचा मोठा संग्रह जमविला. त्यांचा आधार संस्थानिक, सरदार आणि इंग्रज अधिकारी ह्यांचा होता. किंकेड ह्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. वेतनदार माणसाचा धनी एकच असतो. आश्रयावर जगणाऱ्याचे धनी अनेक असतात आणि प्रत्येकाची मर्जी निराळी असते. पारसनीसांनी हे कौशल्याने साधले. त्यांच्यामुळे जे मौलिक कागद जतन झाले, ते पाहता ह्या कौशल्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल.

५

ह्या चार चरित्रांतून एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते : चौघांपैकी कोणाचेही काम एकट्याच्या उपजीविकेवर उभे नव्हते. राजवाड्यांचे काही खंड विष्णु गोविंद विजापूरकर ह्यांच्या ‘ग्रंथमाले’तून निघाले, आणि विजापूरकर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापक होते. गावोगावी ज्यांच्या घरी राजवाड्यांचा मुक्काम पडे, त्या घरांतही नोकरीचा, वकिलीचा किंवा शेतीचा पैसा येत होता. व्रतस्थाच्या व्रताला कोणाचे तरी वेतन आधार देत होते. उलट, ‘रियासती’च्या पानापानांवर राजवाड्यांच्या, खऱ्यांच्या आणि पारसनीसांच्या साधनांचे ऋण आहे. ज्यांनी शाश्वती सोडली त्यांनी कागद मिळविले. ज्यांना शाश्वती होती त्यांनी त्या कागदांचा ग्रंथ केला. एकाला ऋषी आणि दुसऱ्याला नोकर मानणाऱ्यांनी हा परस्परांचा हिशेब कधी मांडला नाही.

तो न मांडण्यात समाजाची सोय होती, असेही म्हणावे लागते. त्यागाचे गोडवे गायिले, की खंड विकत घेण्याची जबाबदारी टळते. संशोधकाच्या दारिद्र्याला तपश्चर्या म्हटले, की त्या दारिद्र्यात आपलाही हात आहे हे विसरता येते. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी धुळ्यास त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचे कागद सांभाळण्याची व्यवस्था झाली ती ते गेल्यानंतर.

पुढे काळ पालटला. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी वेतन देणारे स्थान प्रथमच निर्माण झाले. ते मिळाले त्र्यंबक शंकर शेजवलकरांना. त्याआधी ‘प्रगती’ हे साप्ताहिक चालवून त्यांनी स्वतंत्र लेखणीचे कष्ट भोगले होते. त्या आसनावरून त्यांनी पानिपतावरील आपला प्रबंध १९४६ मध्ये दिला. परंतु ज्या शिवचरित्राचा संकल्प त्यांनी दीर्घकाळ बाळगला, ते १९६३ मध्ये त्यांच्या निधनापर्यंत पूर्ण झाले नाही. त्याची प्रस्तावना, आराखडा आणि साधने एवढेच ‘श्री शिवछत्रपती’ ह्या नावाने प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये त्याला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. नोकरी नाही म्हणून राजवाड्यांचा इतिहास अपुरा राहिला असे म्हणावे, तर नोकरी असूनही शेजवलकरांचे शिवचरित्र अपुरेच राहिले. वेतन वेळ देऊ शकते. ग्रंथ पुरा करण्याची हमी ते देऊ शकत नाही.

म्हणून स्वतंत्र वृत्ती श्रेष्ठ की नोकरी श्रेष्ठ, ह्या प्रश्नाचे सरसकट उत्तर ह्या इतिहासातून निघत नाही. निघते ते एवढेच, की प्रत्येक मार्गाची किंमत ठरलेली असते आणि ती लेखकाबरोबर ग्रंथालाही मोजावी लागते. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतील धगीची किंमत न लिहिलेला इतिहास ही आहे. ‘रियासती’च्या सलगतेची किंमत साठीपर्यंत दुरावलेली दप्तरे ही आहे. राजवाड्यांचा खंड आणि सरदेसायांची ‘रियासत’ ग्रंथालयाच्या फळीवर आज शेजारी शेजारी असतात. त्यांतील एक उघडला, की दुसऱ्याची गरज पडते. फळीवरच्या ह्या शेजारात त्या दोन जीवनमार्गांचा खरा संबंध दिसतो, आणि त्या दोघांनाही जे ग्राहक, जी ग्रंथालये आणि ज्या संस्था वेळेवर मिळाल्या नाहीत, त्यांची उणीवही तेथेच जाणवते.